कोऱ्या पट्ट्या

आमचे घरमालक फेब्रुवारीत कुणाच्या तोंडाकडे बघत नसत. बघायचं तर उभं राहावं लागलं असतं, आणि जानेवारीच्या शेवटापासून मार्च उजाडेपर्यंत ते स्टॅनमोरच्या त्या घरामागच्या बागेत गुडघ्यांवरच असत. गुडघ्यांखाली प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं जुनं वर्तमानपत्र, डोक्याला कानटोपी, हातात बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, आरसा. स्नोड्रॉपचं इवलंसं पांढरं फूल मान खाली घालून उभं राहतं. त्याच्या आतल्या पाकळ्यांवर हिरवा ठिपका कसा आहे ते बघायचं, तर खालून आरसा धरावा लागतो. घरात हातात धरायचा आरसा तेवढा एकच. त्यामुळे ते पाच आठवडे काकू टोस्टरच्या चकचकीत पाठीत बघून कुंकू लावायच्या.

हे मी पहिल्याच हिवाळ्यात पाहिलं आणि या माणसाबद्दलचं माझं मत तिथेच ठरलं. ते बदलायची संधी त्यांनी मला फारशी दिली नाही.

नव्या शतकाच्या सुरुवातीला सॉफ्टवेअरवाल्यांची जी रीघ लंडनला लागली, तिच्यात मीही होते. नागपूरहून आलेली, एकटी, रोज ट्यूबने शहरात जाऊन एका बँकेच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारी. ओळखीतून खोली मिळाली. पहिल्या दिवशी काकांनी दारातच विचारलं,

"मूळ कुठलं?"

"नागपूर."

"नागपूर हे राहण्याचं ठिकाण झालं. मी मूळ विचारतोय."

मी आजोबांचं गाव सांगितलं. मग आजीचं. मग आईच्या माहेरचं. त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं. "मिक्स्ड सीडलिंग, सरमिसळ बियांचं रोप," असं म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

स्वतः ते साताऱ्याकडचे. साठच्या दशकात आलेले, एका ड्रॉइंग ऑफिसात पस्तीस वर्षं पुलांचे नकाशे काढून निवृत्त झालेले. वर्षातून एकदा मराठी मंडळाच्या गणपतीला जायचे आणि परत येताना गाडीत, भेटलेल्या प्रत्येकाला स्नोड्रॉपची एकेक जात लावायचे. "तो नवा अध्यक्ष पाहिलास? फूल मोठं, देठ लुळा. पहिल्या वाऱ्याला आडवा होणार." अध्यक्ष दिवाळीच्या आत राजीनामा देऊन मोकळा झाला, हे मला कबूल केलंच पाहिजे. पण माणसाला फुलाच्या तराजूत घालणारा हा इसम स्वतःच्या बायकोला कुठल्या जातीत घालायचा, ते मी कधी ऐकलं नाही. तिला त्यांनी त्या यादीत घेतलंच नव्हतं.

बागेत सत्तरएक जाती होत्या. मला विचाराल तर एकच पांढरं फूल सत्तर वेळा. मी एकदा तसं म्हणाले, तर त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं.

"फूल बघून ओळखतो तो गाढव," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. "खाली बघ. बुडाशी. दोन पानं जमिनीतून येताना कशी येतात ते बघ. ही बघ, हात जोडल्यासारखी समोरासमोर. हे एक घराणं. इथे एक पान दुसऱ्याला पोटाशी धरतं. दुसरं घराणं. आणि याच्या कडा मागे दुमडल्यात, इस्त्री केल्यासारख्या. तिसरं. फूल काय, कुणीही नटून उभं राहतं. बूड खोटं बोलत नाही."

आता हे ऐकायला छान वाटतं. मलाही वाटलं होतं. पण रोज सकाळी कामावर जाताना ऐकलं, गाडी चुकवून ऐकलं, तापात ऐकलं, की त्यातला छानपणा उतरतो.

त्यांच्या गर्वाचा एक नमुना सांगते. मी राहायला आले त्याच फेब्रुवारीत मंडळातलं एक नवीन जोडपं भेटायला आलं. बिचाऱ्यांनी कुठूनतरी ऐकलेलं, काकांना स्नोड्रॉप आवडतात. येताना सुपरमार्केटमधून फुललेल्या स्नोड्रॉपची कुंडी घेऊन आले, वर गुलाबी रिबन. काकांनी कुंडी उचलली, पानं बाजूला करून बुडाशी बघितलं, "कॉमन" म्हणाले, आणि त्या दोघांच्या डोळ्यांदेखत मागच्या दाराने जाऊन ती बागेच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. परत येऊन हात धुतले आणि विचारलं, "चहात साखर?" ती मुलगी रडायच्या बेतात आली होती. ते पुन्हा कधी आले नाहीत. पाहुणे गेल्यावर काकू बाहेर गेल्या, डब्यात हात घालून ती कुंडी काढली आणि शालीखाली धरून शेडच्या बाजूला गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. काय केलं ते विचारलं नाही.

उन्हाळ्यात निदान सुटका असेल असं मला वाटलं होतं. जूनमध्ये हे महाशय कांदे कापायला बसले. स्नोड्रॉपचा कांदा खास चाकूने उभा उभा चिरून त्याच्या फाका करायच्या, मातीऐवजी वापरायच्या ओलसर खनिज-दाण्यांबरोबर पिशव्यांत भरायच्या आणि उबेत ठेवायच्या. म्हणजे फाकेफाकेला नवा कांदा धरतो. घरातली ऊब म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, जिथे इंग्लंडात सगळे टॉवेल वाळवतात. सप्टेंबरपर्यंत त्या कपाटात टॉवेल न्यायची बंदी. तीन महिने आम्ही दोघी दमट टॉवेलला अंग पुसायचो आणि कपाटात कांद्याच्या फाका सुखात निजायच्या.

मार्चमध्ये फुलं सरली की लावणी. स्नोड्रॉप हलवायचे तर पानं हिरवी असतानाच हलवतात. ते काम काकूंचं. काका वही धरून उभे, बोटाने जागा दाखवणार. काकू खाली बसून खुरपं चालवणार, माती दाबणार, पाणी घालणार. मग काका वाकून एक पांढरी प्लास्टिकची पट्टी खोचणार. पट्टीवर नाव, पेन्सिलीने, कारण शाई उन्हापावसात उडते आणि पेन्सिल टिकते. वहीत सगळी नावं होती. कुठलं नाव बागेत कुठे, ते मात्र वहीत नव्हतं.

"काका, एक नकाशा काढून ठेवा ना," मी एकदा म्हणाले. "तुमचं तर कामच होतं ते."

"नकाशा ज्याला घर सापडत नाही त्याला लागतो," ते म्हणाले. "माझ्या पट्ट्या उद्या चोरांनी नेल्या तरी मी डोळे मिटून सांगेन."

मी हे वाक्य मनात जपून ठेवलं. माणसाचं एखादं वाक्य पुढे कामाला येणार हे आपल्याला कळतं.

त्यांचं एकच स्वप्न होतं. स्नोड्रॉपवेड्या इंग्रजांचा एक गोतावळा असतो. ते फेब्रुवारीत एकमेकांच्या बागांत फिरतात, दुपारी सूप पितात. काका त्यांच्यात तीस वर्षं होते, पण कडेला. त्यांच्यात एक म्हातारी बाई होती. तिने "हे नवीन आहे" म्हटलं की ते नवीन. मग ज्याच्या बागेत उगवलं त्याने नाव ठेवायचं आणि ते नाव कायमचं यादीत. मंडळात सिंहासारखे गुरगुरणारे काका फोनवर या बाईशी बोलताना उभे राहायचे. मी पाहिलंय.

आणि मी आले त्याच्या पुढच्या वर्षी शेडजवळ, जिथे त्यांच्या माहितीप्रमाणे काहीच लावलेलं नव्हतं, तिथे एक निराळा स्नोड्रॉप फुलला. बाहेरच्या तिन्ही पाकळ्यांवर बारीक हिरव्या रेघा, आतला भाग जवळजवळ सगळा हिरवा. काका तीन दिवस नीट जेवले नाहीत. "बी पडून आलंय," म्हणायचे. "आपल्या बागेत. आपलं." पुढच्या फेब्रुवारीत बाईंनी यायचं कबूल केलं. शनिवार ठरला.

त्याच सुमाराला माझी आई नागपूरहून आली होती. बाबा गेल्यानंतरचा तिचा पहिला हिवाळा. काकूंनी तिला लोकरीचे मोजे दिले, रोज सोबत बसवून जेवायला घातलं, आणि आईला त्या उपकाराचं काय करावं ते सुचत नव्हतं. गुरुवारी मी कामावर, काका-काकू चष्म्याच्या दुकानात. शनिवारी पाहुणे येणार एवढं आईला माहीत होतं. बागेत हिरवट, चिखलाने माखलेल्या पट्ट्या वेड्यावाकड्या खोचलेल्या दिसल्या. तिने त्या सगळ्या गोळा केल्या. कोमट पाणी, भांडी घासायची पावडर, काथ्या. एकेक पट्टी दुधासारखी पांढरी केली. आणि आई ती आईच, तिने त्या परत नेऊन लावल्यासुद्धा. वाफ्याच्या कडेने, सरळ रेषेत, वितीवितीच्या अंतरावर, कुंपणासारख्या.

मी घरी आले तेव्हा काका बागेत उभे होते. गुडघ्यांवर नाही, उभे.

"काय झालं ग? हे असे काय करून राहिले?" आईने मला हळूच विचारलं. मी सांगितलं तशी ती तोंडाला पदर लावून मटकन खाली बसली. काका आत आले. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. ते आईसमोर थांबले.

"तुमच्याकडे झाडांना पट्ट्या नसतात का?"

"आमच्या इकडे संत्र्याचं झाड संत्र्याचंच राहते, भाऊजी," आई रडत म्हणाली. "त्याच्यावर काय लिहायचं?"

काकांनी कानटोपी काढली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या सुट्टी घे. मी सांगतो, तू लिही."

शुक्रवारी सकाळी मी नव्या पट्ट्या, वही आणि पेन्सिल घेऊन त्यांच्या मागे बसले. अपराधी वाटत होतं हे खरं. पण ते वाक्यही माझ्या लक्षात होतं, आणि आता डोळे मिटून सांगा काका, अशी एक खुन्नसही मनात होती.

पहिल्या वीस पट्ट्या झरझर झाल्या. दुहेरी पाकळ्यांचा, पिवळ्या देठाचा, टोकाला हिरवा, वीतभर उंच, बोटभर बुटका. ते मलाही ओळखता आले असते. मग वेग कमी झाला. आरसा फुलाखाली, बोटं बुडाशी, चष्मा वर, चष्मा खाली. एक नाव सांगितलं, मी लिहिलं, पुढच्या झुपक्याला परत तेच नाव. "ते झालंय," मी म्हणाले. "मग मघाचं खोड." मघाचं खोडलं. अकरा वाजता चष्मेवाल्याला शिव्या. बारा वाजता उजेडाला. तोवर मला कळून चुकलं होतं. या माणसाला बुडं तीन घराण्यांची ओळखता येत होती, फुलं विसाएक, आणि बाकी सगळं ज्ञान पट्ट्यांवर होतं. तीस वर्षं ते स्वतःचंच अक्षर वाचत होते.

तेवढ्यात काकू स्वेटरवर कोट चढवून बाहेर आल्या.

"अहो, ते पेरच्या झाडाखालचं मी लावलं, आपला मुलगा युनिव्हर्सिटीत गेला त्या वर्षीच्या मार्चला," त्या म्हणाल्या. "त्या त्रिकोणी नाकाच्या बाईंनी दिलेलं. त्याच्या शेजारचं पोस्टाने आलेलं, ओल्या कापसात. आणि नळाजवळचं—"

"तुला काय कळतंय त्यातलं?" काका मान वर न करता म्हणाले. "आत जा. थंडी आहे."

काकू आत गेल्या. प्रत्येक कांदा त्या बाईच्या हाताने मातीत गेला होता. कुठलं कधी, कुणाकडून, सगळं तिला पाठ होतं. सत्तरच्या सत्तर पट्ट्या तासाभरात खऱ्या लागल्या असत्या. मी त्यावेळी बोलायला हवं होतं. बोलले नाही. मला त्यांना आपटलेलं बघायचं होतं.

चार वाजता ते उठले. गुडघे धरून उठले. "राहिलेल्या तूच लिही," म्हणाले.

"काय लिहू?"

"वहीत उरलीत ती नावं. लाव कुठेही."

मी चाळीसहून जास्त पट्ट्या मनाला येईल तिथे लावल्या. नळाजवळच्या झुपक्याला मी नाव दिलं ते केवळ उच्चारायला बरं वाटलं म्हणून.

शनिवारी बाई आल्या, सोबत दोन म्हातारे. छान थंडगार ऊन होतं. मी मागे चहाचा ट्रे घेऊन होते म्हणून सगळं पाहिलं. ते तिघेही आधी पट्टी वाचायचे, मग वाकायचे, मग मान डोलवायचे. प्रत्येक झुपक्याशी तेच. नळाजवळ बाई थबकल्या. पट्टी वाचली, भिंग काढलं, फूल बोटावर उचललं.

"ट्रू टु टाइप," त्या म्हणाल्या. "इतका अस्सल नमुना मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता."

काकांनी मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. फेब्रुवारीत त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं ते त्या एकदाच. मी ट्रेकडे बघत राहिले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

मग शेड. तिथे पट्टी नव्हती. बाई आपल्या किमती कोटासकट मातीत बसल्या. काकांचा आरसा मागून घेतला. दहा मिनिटं एकेक पाकळी बघितली.

"हे मी कधीच पाहिलेलं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "हे नवीन आहे. नाव तुम्ही ठेवायचं. फक्त एक. इथे कुणी कधी काही लावलं नव्हतं ना? यू आर क्वाइट सर्टन?"

हो म्हटलं की झालं होतं. तीस वर्षं ज्यासाठी घालवली ते एका शब्दावर आलं होतं. आदल्या दिवशी चाळीस खोट्या पट्ट्या लावून बसलेल्या माणसाला एक हो जड का जावा? पण काकांनी बाईंकडून आरसा परत घेतला. मग म्हणाले, "आय शॅल राइट टु यू." मला वाटलं, बाईसमोर बोबडी वळली.

पाहुणे गेल्यावर ते मातीच्या बुटांनीच स्वयंपाकघरात आले. काकू उरलेला केक डब्यात भरत होत्या. आई आणि मी कप विसळत होतो.

"अगं," काका म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "शेडजवळ तू कधी काही लावलं होतंस का?"

काकूंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"मला काय कळतंय त्यातलं?" त्या म्हणाल्या.

 काकांनी खिशातून आरसा काढला, बाहीला पुसला, टेबलावर ठेवला आणि वर गेले. सोमवारी त्यांनी बाईंना पत्र लिहिलं, मीच पोस्टात टाकलं. फूल बागेत आपोआप आलं असं मी खात्रीने सांगू शकत नाही, असं लिहिलंय, एवढंच मला सांगितलं. बाईंचं एक सभ्य कार्ड आलं. प्रकरण संपलं.

त्यानंतर मी नोकरी बदलून कार्डिफला गेले. पण ही गोष्ट माझ्याबरोबर आली. मला शेवट ठाऊक होता ना! काकूंनी डब्यातून काढलेली गुलाबी रिबनची कुंडी, शालीखाली धरून शेडकडे नेलेली. जन्मभर ज्याच्यासाठी गुडघे झिजवले ते फूल या शहाण्याने स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकलं होतं! कित्येक जेवणांत मी ही गोष्ट सांगितली. काकांचा आवाज काढून "कॉमन" म्हणायचे. लोक पोट धरून हसायचे, आणि परत सांग म्हणायचे.

काका गेले. काकूंनी घर विकायला काढलं तेव्हा मी मार्चमध्ये भेटायला गेले. त्यांनी मला बागेत नेलं. पट्ट्या सगळ्या काढून टाकलेल्या होत्या. बाई येऊन गेल्या त्याच आठवड्यात काढल्या होत्या काकांनी, ते मी पाहिलं होतं; पुन्हा लावल्याच नाहीत, काकू म्हणाल्या. शेडजवळ बसून त्यांनी तो झुपका खुरप्याने अर्धा केला, दह्याच्या डब्यात भरला आणि माझ्या हातात दिला.

"हे ते कुंडीतलं ना काकू?" मी हसत म्हणाले. "गुलाबी रिबनवालं?"

"छे गं. ते मी पलीकडे कंपोस्टपाशी लावलं होतं. पुढच्या थंडीत मेलं." त्यांनी हात झटकले. "इथे मी कधीच काही लावलं नाही. हे आपोआप आलेलं. त्यांच्याच झाडांचं बी पडून."

मी दह्याचा डबा खाली ठेवला. मग विचारलं, "तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"विचारलं तेव्हा राग होता गं," काकू म्हणाल्या. "मग म्हटलं, पुन्हा विचारतील तेव्हा सांगेन. त्यांनी पुन्हा विचारलंच नाही."

ते फूल आता माझ्या कार्डिफच्या बागेत आहे. दर फेब्रुवारीला येतं, बाहेर हिरव्या रेघा, आत हिरवंगार. काकांची गोष्ट मी आता सांगत नाही. शेजारीण कुंपणावरून विचारते, याचं नाव काय. त्याच्यापाशी एक पट्टी खोचलेली आहे, आईने घासलेल्यांपैकीच एक, मी तेव्हा ठेवून घेतलेली. दोनदा पेन्सिल घेऊन तिच्यासमोर बसले. काकांचं नाव लिहावं तर काकू आठवतात, काकूंचं लिहावं तर स्वयंपाकघरात मातीच्या बुटांनी उभा असलेला तो माणूस आठवतो. पट्टी अजून कोरीच आहे.